काट्यांच्या भिंतीवरचं खारं पाणी

फ्रँकफर्ट
२१ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
बायचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही ‘सगळं ठीक, आईशी बोल’ म्हणून फोन तिच्या हातात देता, म्हणून या वेळी पत्र लिहायला बसले आहे. आईला मोठ्याने वाचून दाखवा, पण पत्र तुमच्या नावाचं आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. जुलै-ऑगस्टभर ऑफिसात कामाचा फार रगाडा होता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप यायची नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, तो चढलेला निघाला. त्या म्हणाल्या, गोळीचं नंतर बघू, आधी दोन-तीन दिवस कुठेतरी जा आणि कामाचा फोन घरी ठेवून जा. तुम्ही गणपतीच्या गडबडीत होतात म्हणून तेव्हा कळवलं नाही. आता रक्तदाब उतरला आहे, काळजी करू नका. तर गेल्या शुक्रवारी अमित, ईरा आणि मी असे तिघं बाड नाउहाइमला जाऊन आलो. रविवारी रात्री परत.

फ्रँकफर्टहून उत्तरेला पस्तीसेक किलोमीटर, गाडीने अर्धा तास. जर्मनमध्ये ‘बाड’ म्हणजे स्नान. ज्या गावात औषधी पाण्याचे झरे असतात आणि सरकारने ते मानलेले असतात, त्या गावाच्या नावापुढे हा शब्द लागतो. नाउहाइमला तो १८६९ साली लागला. पण मुळात हे गाव आंघोळीचं नव्हतं, मिठाचं होतं. बाबा, आपल्या शिरोड्यासारखं मिठाचं गाव! मला हे तिथे पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं.

स्टेशनातून निघून बागेच्या कडेने चालत गेलो तर समोर एक काळपट भिंत. दहाएक मीटर उंच, आणि लांबी तर संपता संपेना. जवळ गेल्यावर कळलं की ती भिंत दगडाची नाही, काट्यांची आहे. लाकडाचा मोठा सांगाडा आणि त्यात काटेरी फांद्यांच्या मोळ्या एकावर एक दाबून रचलेल्या. श्लेडॉर्न नावाचं झुडूप आहे, आपल्या करवंदीच्या जाळीसारखं. त्यालासुद्धा काळी-निळी फळं येतात. वरून खारं पाणी सोडतात, ते या काट्यांवरून थेंबाथेंबाने खाली उतरतं. भिंतीपाशी सतत बारीक टपटप चालू असते. पागोळ्यांचा आवाज ऐकत पडवीत बसल्यासारखं वाटतं. याला म्हणतात ग्राडिअरबाऊ. अशा पाच भिंती अजून उभ्या आहेत, सगळ्या मिळून सहाशे मीटरच्या वर भरतात.

मी बाकावर टेकले आणि नकळत ओठांवरून जीभ फिरवली. खारट. डोळे मिटले तर थेट आजोबांच्या मिठागराचा बांध, वेळागरहून येणारा वारा आणि दुपारचं ते डोळ्यांत घुसणारं पांढरं ऊन. अमितने विचारलं, काय झालं? मला चटकन बोलता आलं नाही.

तुम्हाला यात रस वाटेल म्हणून नीट सांगते. आपल्याकडे भरतीचं पाणी वाफ्यांत घेतलं की ऊन त्याचं मीठ करतं. इथे तेवढं ऊन नाही आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. इथलं खारं पाणी जमिनीतून येतं, पण त्यात मीठ कमी. तसंच चुलाणावर आटवायला घेतलं तर जंगलंच्या जंगलं जळायची, आणि लाकूड महाग. म्हणून या लोकांनी उन्हाचं काम वाऱ्याकडे दिलं. पाणी भिंतीच्या माथ्यावर चढवायचं, काट्यांवरून सोडायचं, वाऱ्याने थोडं उडून जायचं. खाली जमलेलं पुन्हा वर चढवायचं. असं कितीतरी वेळा. पाणी चांगलं दाट खारं झालं की मगच ते कढईत उकळायचं. लाकूड वाचलं ते वाचलंच, शिवाय पाण्यातला चुना आणि माती काट्यांना चिकटून राहते, त्यामुळे मीठ स्वच्छ निघतं. जुन्या फांद्या मी हात लावून पाहिल्या. त्यांच्यावर दगडाचं करड्या रंगाचं कवच चढलेलं होतं, काटा आत आणि दगड बाहेर. फांद्या अशा दगडावल्या की मोळ्या बदलाव्या लागतात.

पाणी वर कशाने चढवायचे, हा प्रश्न तुम्ही विचारणार. मीही विचारला. शेजारच्या श्वालहाइम गावात एक प्रचंड पाणचक्की आहे, अठराव्या शतकातली. चाकाचा व्यास जवळजवळ दहा मीटर, म्हणजे आपल्या घराच्या कौलांच्याही वर जाईल. वेटर नावाच्या नदीवर ते चाक फिरायचं आणि त्याची ताकद लाकडी दांड्यांच्या लांबलचक साखळीने, शेतांतून पुढेमागे सरकत, नऊशे मीटरवरच्या पंपांपर्यंत पोचायची. वीज नाही, वाफेचं इंजिन नाही, नुसत्या दांड्या! शनिवारी सकाळी आम्ही चालत जाऊन ते चाक बघून आलो. ईरा त्याच्यापुढे मुंगीएवढी दिसत होती. फोटो पाठवला आहे. तुम्ही विहिरीवरचा पंप खोलून बसता तेव्हा तुमचा जो चेहरा होतो, तो मला तिथे सारखा दिसत होता.

या जागी मीठ काढण्याचं काम फार जुनं. दोन हजार वर्षांपूर्वी केल्ट लोक इथे पाणी आटवायचे, त्यांच्या भट्ट्या आणि मातीची भांडी उत्खननात सापडली आहेत. शेवटचं मीठ १९५९ साली निघालं. पण भिंती पाडल्या नाहीत. समुद्राकाठची हवा छातीला बरी, तशीच या भिंतींपाशीही असते म्हणून माणसं येऊन बसतात. संध्याकाळी बाकांवर रांगेने म्हातारी माणसं होती, गुडघ्यांवर शाल, कोणी बोलत नव्हतं, नुसता शांतपणे श्वास घेत होती. मला आजोबांच्या टाचा आठवल्या. मिठाने चिरलेल्या, रात्री आजी त्यांना खोबरेल लावायची आणि ते हूं की चूं करायचे नाहीत. त्याच मिठापाशी ही माणसं बरं व्हायला बसतात. आजोबा अशा बाकावर एकदा तरी बसायला हवे होते.

मिठाच्या गावाचं आंघोळीचं गाव कसं झालं तेही ऐका. १८३५ पासून लहान प्रमाणावर स्नानं सुरू झाली होती. मग आणखी खारं पाणी मिळावं म्हणून जमिनीत खोल भोक पाडलं, मनासारखं काही लागलं नाही, काम सोडून दिलं. आणि डिसेंबर १८४६ मध्ये एका रात्री त्याच सोडून दिलेल्या भोकातून पाणी आपोआप फेसाळत उसळलं. कोमट, खारं आणि सोड्यासारखं वायूने भरलेलं. त्याला मोठा श्प्रूडेल म्हणतात. आज तिथे श्प्रूडेलहोफ नावाचा चौक आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म योस्ट नावाच्या वास्तुरचनाकाराने बांधलेला. मधोमध कारंजं आणि दोन्ही अंगांना स्नानगृहं, प्रत्येकाच्या पोटात वेगळा अंगणासारखा चौक. भिंतींवर, फरशांवर मासे, शंख, लाटा, पाणवनस्पती. आईला ती नक्षी फार आवडेल, तिच्या रांगोळीतल्या वेलींसारखी वळणं आहेत. कारंज्याचं कुंड मात्र लालसर तपकिरी झालं आहे, पाण्यातल्या लोखंडामुळे. अगदी आपल्या जांभ्या दगडाचा रंग.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हे गाव हृदयाच्या रोग्यांचं गाव आहे. या पाण्याच्या टबात बसलं की अंगभर बारीक बुडबुडे चिकटतात, कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी फार गरम नसूनही ऊब येते आणि हृदयावरचा ताण हलका होतो. बेनेके नावाच्या डॉक्टरांनी हे एकोणिसाव्या शतकात ओळखलं. पुढे आउगुस्ट आणि टेओडोर शॉट या दोघा भावांनी स्नानाला मोजका व्यायाम जोडला आणि ही पद्धत जगभर नाउहाइमच्या नावाने गेली. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ इथे आली, रशियाची झारीण आली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट लहान असताना त्यांच्या वडिलांना हृदयाचा त्रास होता, ते कुटुंब पुन्हा पुन्हा इथे यायचं. १८९१ साली मुलाला इथल्याच शाळेत काही आठवडे घातलं होतं. वडिलांचं स्नान चालू असताना तो मुलगा बाहेर काय करत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही.

आजही हृदयाची मोठी इस्पितळं इथे आहेत आणि माक्स प्लांक संस्थेचं हृदय-फुप्फुसांवर संशोधन करणारं केंद्रही आहे. बागेत हळूहळू चालणारी माणसं दिसतात, काहींच्या बरोबर फिजिओथेरपिस्ट असतो. बायपास झालेल्या माणसाला इथे सरळ घरी पाठवून देत नाहीत. साधारण तीन आठवडे अशा ठिकाणी ठेवतात: चालणं, श्वासाचे व्यायाम, जेवणाचं शिक्षण आणि विश्रांती. तो उपचाराचाच भाग धरतात, खर्च विमा किंवा पेन्शनचा निधी उचलतो. बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा होते, तुमच्याच वयाचे. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून छातीवरची रेघ दाखवली, तुमच्यासारखीच. म्हणाले, आज मी न थांबता आठशे पावलं चाललो. लहान मुलाने पाढा म्हणून दाखवावा तसा आनंद होता चेहऱ्यावर.

बाबा, तुम्ही ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी दुकानात जाऊन बसलात. गिऱ्हाईक परत जाता कामा नये, बसून खायची सवय लागता कामा नये. आपल्या घरात दुपारी आडवं झालेलं माणूस म्हणजे आजारी, नाहीतर आळशी. मीही तशीच वाढले, म्हणून तर माझा रक्तदाब चढला. मी तुम्हाला उपदेश करत नाही, तेवढी मी मोठी झालेले नाही. पण त्या बाकावर मला तुमचा फार राग आला आणि फार मायाही आली, ते तुम्हाला कळायला हवं.

शनिवारी दुपारी श्प्रूडेलहोफला लागून असलेल्या नव्या स्नानगृहात गेलो. आई विचारेल म्हणून सांगते, तलावात पोहण्याचे कपडे घालूनच जायचं असतं. कपड्यांविना बसायचा सौनाचा भाग वेगळा आहे, तिकडे आम्ही गेलो नाही. खाऱ्या पाण्याचा तलाव उघड्यावर आहे, बाहेर गार वारा आणि पाणी ऊन-ऊन. अंग आपोआप वर उचललं जातं. ईरा घाबरून मला बिलगली. मी तिच्या पाठीखाली तळहात धरला आणि म्हटलं, मान सैल सोड, पोट वर, आभाळाकडे बघ. हे शब्द तुमचे आहेत. खाडीत मला तरंगायला शिकवलंत तेव्हाचे. थोड्या वेळाने मी हात काढून घेतला, तिला कळलंही नाही. दोन्ही कान पाण्याखाली, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. त्या रात्री मी नऊ तास झोपले, मध्ये एकदाही जाग आली नाही.

बाकीचं थोडक्यात. बाग फार मोठी आहे. फ्रँकफर्टची पाल्मेनगार्टन, जिथे मी ईराला बाबागाडीतून न्यायचे, तीही याच बाग आखणाऱ्या झीसमायर यांची. दादाला सांगा, एल्व्हिस प्रेस्ली लष्करात होता तेव्हा याच गावात राहायचा, १९५८ ते १९६० च्या दरम्यान. त्याच्या घराच्या गल्लीचा फोटो त्याला वेगळा पाठवला आहे. आणि श्टाइनफुर्ट नावाचं गुलाबांचं गाव नाउहाइमलाच जोडलेलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुलाबाची रोपं होतात. आईसाठी तिथून गुलाबपाकळ्यांच्या मुरंब्याची बाटली आणली आहे. तिच्या गुलकंदाची सर नाही, पण वास चांगला आहे.

पुढच्या मे महिन्यात तुम्ही दोघांनी यायचं, हे मी आणि अमितने ठरवून टाकलं आहे. व्हिसाच्या कागदांची यादी दादाला पाठवते. त्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटून विमानप्रवासाचं विचारा आणि तपासणीचे जुने कागद एका पिशवीत काढून ठेवा. दुकान दादा बघेल, त्याच्याशी माझं बोलणं झालं आहे. इथे आलात की तुम्हाला टबात बसवणार नाही. तुमची इच्छा नसेल तर पाण्याला हातही लावू नका. पण त्या भिंतीपाशी रोज तासभर माझ्या शेजारी बसायचं.

एक काम आहे. परत येताना गाडीत ईराने विचारलं, पणजोबा वाफ्यातलं मीठ कशाने ओढायचे? मला ते अवजार लख्ख दिसतं. आडवी लाकडी फळी, लांब दांडा, दांड्यावर आजोबांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेली जागा. नाव काही केल्या आठवेना. तुम्हाला ठाऊक असेल. फोनवर सांगू नका, कागदावर लिहून पाठवा, जमलं तर शेजारी चित्रही काढा.

आईला नमस्कार. दादा-वहिनीला नमस्कार, चि. ओमला अनेक आशीर्वाद.

तुमची,
बाय