चौथा उद्गार

पुणे, गुरुवार रात्र
(गुड फ्रायडेच्या आधीचा झावळ्यांचा रविवार तीन दिवसांवर आलाय)

प्रिय थोम्या,

सप्रेम सलाम.

तुला धड चार ओळी लिहून दीड वर्ष झालं. नाताळला मेणबत्तीचं चित्र पाठवलं, तेही दुसऱ्या कुणाकडून आलेलं. त्यावर तू "तुलाही" एवढंच लिहिलंस. बरोबर केलंस. इकडे सगळे ठीक. आईची साखर आटोक्यात आहे, माझी मान अधूनमधून धरते, पोरीची सहामाही बरी गेली. तब्येतपाणी संपलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते. पाळकसाहेबांनी यंदा गुड फ्रायडेला वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा मला बोलायला दिलाय. आणि दिला त्याच दिवशी, या मंगळवारी, मी प्रभूला नाकारलं. हे सांगायला तुझ्याशिवाय माणूस सापडेना. बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेता?" ती माझ्या काळजीपोटीच म्हणाली, म्हणून पुढे बोललो नाही.

मंगळवारचं आधी सांगतो. ऑफिसात आम्ही सहा जण एका टेबलावर डबा खातो. कुणीतरी मोबाइलवर धर्मांतराची बातमी वाचून दाखवली. समोरचा म्हणाला, "हे सगळे पोटासाठी बाटलेले. दुष्काळात दोन भाकऱ्या मिळाल्या की गेले तिकडे." सगळे हसले. मग त्याने अगदी आपुलकीने मला विचारलं, "तुम्ही नगरचे ना? तिकडे फार आहेत म्हणे. तुमच्यात नाही ना कुणी?" आपल्या आडनावावरून काही कळत नाही, तुला माहीतच आहे. मी म्हणालो, "आजोबांच्या वेळचं काहीतरी होतं. आम्ही तसलं काही मानत नाही."

तसलं. हा शब्द माझ्या तोंडून आला, थोम्या. डबा उघडताना मनातल्या मनात आभार मानायची माझी जुनी सवय. त्या दिवशीही मानले होते. म्हणजे ते वाक्य बोललो तेव्हा तोंडात जो घास होता, तो प्रभूच्याच नावाने घेतलेला होता.

पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, पण तो निदान बाहेर जाऊन रडला तरी. मी दोन वाजता जागेवर येऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत फायली काढत राहिलो. रात्री नगरहून पाळकसाहेबांचा फोन आला. "यंदा चौथा तुम्हीच घ्या, दहा मिनिटं, वहिनींच्या आजारपणात तुमची सगळ्या घराची साक्ष मंडळीने पाहिलीय." मी हो म्हणून बसलो. एका दिवसात दुसऱ्यांदा तोंडाने मला फसवलं.

आपण लहानपणी उद्गार वाटून घ्यायचो, आठवतंय? तुला नेहमी पाचवा हवा असायचा, "मला तहान लागली आहे", कारण त्यानंतर पाणी मागायला हक्क मिळतो म्हणायचास. बारा ते तीन, एप्रिलचं ऊन, ते दोन पंखे आणि तुझे काका. बरोबर पाचव्याला त्यांचं घोरणं सुरू व्हायचं आणि सहाव्याला, "पूर्ण झाले आहे" म्हटलं की खाडकन उठून "आमेन!" पाळकीणबाई एकदा हसू आवरेना म्हणून तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या होत्या. चौथा मात्र कुणी मागायचं नाही. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" पोरांनाही त्याची भीती वाटायची.

वहिनीचं तुला माहीत आहे, पण सगळं माहीत नाही. आपल्या मंडळीने 40 दिवसांची साखळी प्रार्थना धरली होती. चोवीस तास, प्रत्येकाचा एक तास, नावांची यादी देवळाच्या दाराला लावलेली. रात्री दोन ते तीन माझी पाळी. मी पुण्यात, पण एकही रात्र चुकवली नाही. वहिनी एकतिसाव्या दिवशी गेली. उरलेल्या नऊ दिवसांचं काय करायचं ते कुणाला सुचेना. यादी तशीच दाराला राहिली. मातीला आलो तर तिच्यावर पुढच्या नऊ रात्रींची नावं, त्यात दोन ते तीनला माझं. आणि कबरस्तानातून परतताना एक जण, नाव सांगत नाही, दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल." दादा काही बोलला नाही. मला मात्र तेव्हापासून एक रात्र आठवते, बाविसावी, ज्या रात्री बसल्या बसल्या माझा डोळा लागला होता. वीस मिनिटं असतील. हे वेड आहे हे मला कळतं. देव वीस मिनिटांचा हिशेब ठेवून माणूस नेत नाही, असं माझ्या पोरीने विचारलं असतं तर मीच तिला सांगितलं असतं.

या गोष्टीला चौदा महिने झाले. अजून रात्री दोनला जाग येते. उठून बसतो. बोलायला काही सुचत नाही. रविवारी देवळात पेटी वाजवतो, कारण पेटीवर बसलं की कुणी "भाऊ, प्रार्थना करा" म्हणत नाही.

तर हे असं आहे. ऑफिसात विश्वासाची लाज वाटते आणि देवळात शंकेची. सहा दिवस एक लपवायचं, सातव्या दिवशी दुसरं.

आणि आता तुझ्या मनात जे आलं असेल ते मीच लिहितो. पाचगणीच्या शिबिरात, त्या मोठ्या वडाखाली, तू मला सांगितलं होतंस की वर्षभर तुला प्रार्थनाच करता येत नाहीये. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. घरी आल्यावर मी तुझ्या अप्पांना सांगितलं. तुझ्या आत्म्याच्या भल्यासाठी, असं म्हणालो होतो. अप्पांनी मंडळीत बोलून तुझा शब्बाथ शाळेचा वर्ग काढून घेतला, तू प्रभुभोजनाला उठायचा थांबलास, आणि मी तुला दर आठवड्याला एक कार्ड पाठवत राहिलो, प्रत्येकावर एक वचन. सोळा कार्डं. तू एकदा भांडताना सगळी माझ्या अंगावर टाकलीस, म्हणून आकडा आठवतो. त्या भांडणात मी म्हणालो होतो, "तू प्रयत्नच करत नाहीस." माफ कर मला. इतकी वर्षं आपण पुन्हा बोलतो, हसतो, पण ही माफी मी कधी मागितली नव्हती. तुला त्या वडाखाली किती एकटं वाटलं असेल, ते मला या चौदा महिन्यांत कळलं.

थोमा, म्हणजे शंका घेणारा शिष्य, हे नाव तुला बाईंनी चिडून ठेवलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते लावून धरलं. पण तूच वर्गात उभा राहून बाईंना योहानाचा अकरावा अध्याय वाचून दाखवला होतास. प्रभू यहूदीयात परत जायला निघतो, तिथे लोक त्याला दगडमार करायला टपलेले, बाकीचे शिष्य नको नको म्हणतात, आणि "चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ" असं म्हणणारा एकटा थोमा. बाई गप्प झाल्या होत्या. त्या दिवसापासून मी तुला त्या अर्थाने थोम्या म्हणतो, तुला पटो न पटो. आणि तुझी बदली झाली तीही चेन्नईला, थोमाच्या डोंगराच्या पायथ्याशी! इसवी सन 52 मध्ये तो केरळच्या किनाऱ्याला उतरला आणि त्या डोंगरावर मारला गेला अशी तिकडची परंपरा आहे. जाऊन आलास का कधी वर?

पोटासाठी बाटलेले, हे वाक्य मात्र जात नाही डोक्यातून. कारण पणजोबांच्या बाबतीत ते खरं आहे. 1900 च्या दुष्काळात सहा-सात वर्षांचं पोर नगरला मिशनच्या अनाथाश्रमात आलं ते भाकरीसाठीच आलं. आईबाप वाटेत गेलेले. त्याला पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे त्रैक्य काय माहीत? पण दुष्काळ दोन वर्षांत सरला आणि पणजोबा पुढे साठ वर्षं ख्रिस्तीच राहिले. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकले, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कीर्तनं ऐकली, म्हातारपणी दिसत नव्हतं तेव्हाही त्यांचे अभंग तोंडपाठ म्हणायचे. भाकरीसाठी आलेला माणूस भाकरी दुसरीकडे मिळायला लागल्यावरही का राहिला, हे मला त्या टेबलावर विचारता आलं असतं. तुझ्या आजीचंही तेच. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली बाई. (आणि तू तिला भेटायला म्हणून आपल्या नगरच्या केडगावला उतरला होतास! "दौंडचं केडगाव, दौंडचं!" असं अप्पा अजून ओरडतात का?)

बाबांचंही सांगतो, हे मी कुणाला सांगत नाही. दहावीनंतर कॉलेजच्या फॉर्मवर धर्माचा रकाना आला. 1950 च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीत धरत नाहीत. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आपण बाहेरच राहिलो. हेडमास्तरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, जुनी जात लिहा, धर्म मोकळा सोडा, सगळेच करतात, पोराला शिष्यवृत्ती मिळेल. जे तसं करतात त्यांना मी दोष देत नाही, पोराच्या शिक्षणापुढे बाप काय करेल? पण बाबांनी स्वतःच्या हाताने त्या रकान्यात "ख्रिस्ती" लिहिलं. फीसाठी आईच्या पाटल्या गेल्या. त्या पाटल्यांवर मी पदवीधर झालो, त्या पदवीवर नोकरी लागली, आणि त्या नोकरीतल्या कॅन्टीनमध्ये बसून मी म्हणालो, "तसलं काही मानत नाही." माझं काहीच जाणार नव्हतं रे. फार तर उद्यापासून टेबलावर दोन जण कमी बोलले असते.

पंडिता रमाबाईंविषयी परवा वाचत होतो. बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडात. आणि तिथल्याच मठातल्या भगिनींशी त्यांचे वाद, त्रैक्यावर, अधिकारावर, कशाकशावर. बाप्तिस्मा झालेली बाई पत्रातून उघड विचारते, हे मला पटत नाही म्हणून. त्याच बाईने पुढे मरेपर्यंत बायबलचं भाषांतर केलं. आपल्या मंडळीत त्यांचा फोटो आहे, पण त्यांच्यासारखं विचारलं तर चालत नाही.

चौथ्या उद्गाराचं टिपण करायला तीनदा बसलो. सगळे काय बोलतात ते मला पाठ आहे. ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन, आणि ते स्तोत्र शेवटी स्तुतीत संपतं, म्हणून बंधूंनो घाबरू नका. मला त्या शेवटाकडे पळायचं नाहीये. मार्काने ते वाक्य आधी भाषांतर न करता ठेवलंय, प्रभूच्या घरच्या भाषेत, "एलोई, एलोई". जवळ उभे होते त्यांना तेही नीट ऐकू आलं नाही, त्यांना वाटलं एलीयाला हाक मारतोय. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी आली होती, डोंगरावर रूपांतर झालं तेव्हा आली होती. इथे काही नाही. मी चारही शुभवर्तमानं पुन्हा वाचली, इथे उत्तर नाही. मला मंडळीपुढे एवढंच म्हणावंसं वाटतं, की त्याला उत्तर आलं नाही, आणि मला दोन ते तीनमध्ये आलं नाही, आणि मी तरी इथे उभा आहे. पण तिसऱ्या बाकावर दादा बसलेला असेल. तो चौदा महिन्यांत एक रविवार चुकलेला नाही. त्याला कसं जमतं हे विचारायची मला हिंमत झाली नाही. मी तिथे उभा राहून असं काही बोललो आणि तो ज्याला धरून उभा आहे तेच हललं तर? ही खरी भीती आहे, बाकी सगळं तिच्यानंतर.

तू सांग. बोलू, की पाळकसाहेबांना फोन करून पेटीवर बसतो म्हणू? की आधी दादालाच सगळं सांगू?

एक आठवण मात्र सकाळपासून सोबत आहे, तूच दिलेली. तुझ्या आजोबांच्या त्या जाडजूड शब्दसूचीत शोधून तू मला दाखवलं होतंस की पेत्र ज्या कोळशाच्या विस्तवाशी शेकत होता, त्याच्यासाठीचा ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो. दुसऱ्यांदा तिबिर्याच्या काठी, विस्तवावर मासळी, आणि प्रभू म्हणतो, "या, न्याहारी करा." तेव्हा तू काही मानत नव्हतास, तरी शोधत होतास. आज डबा घेऊन टेबलावर गेलो, त्या गृहस्थांच्या समोर बसलो, आणि डब्याचं झाकण काढल्यावर डोळे मिटून हात जोडले. मोठ्याने काही म्हणालो नाही. डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "परवा मी खोटं बोललो. आम्ही ख्रिस्ती आहोत, पणजोबांपासून." ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं." आणि लोणचं पुढे सरकवलं. मनात काय होतं देव जाणे. माझे हात मात्र जेवण होईपर्यंत कापत होते.

नव्या जागी काम कसं चाललंय? पोराला तमिळ येतं का आता? घर मालकीचं घेताय असं ऐकलं, हप्ते जपून. वहिनींना सलाम सांग. अप्पांचा गुडघा कसा आहे? हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल, शिबिराचा भाग तर दाखवच. त्यांचीही मला माफी मागायची आहे, पण आधी तुझी.

फोन करू नकोस, फोनवर मला धड बोलता येणार नाही. लिही, आणि बुधवारच्या आत लिही. दोन वाजत आलेत.

तुझा,
बंड्या