हाताला काय काय लागतं, हे विचारणाऱ्या दवाखान्यातल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांआधी सोयाबीन काढताना माझा पदर हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात गेला, आणि पदरामागे उजवा हात. कोपराच्या चार बोटं खालून तो काढावा लागला. त्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही. हे पत्र त्याच्या पुढच्या दिवसांचं आहे.

भेटायला येणारा प्रत्येक जण 'कसं झालं' विचारायचा. टाकेसुद्धा निघाले नव्हते तेव्हा तुम्ही स्टूल ओढून खाटेशी बसलात आणि म्हणालात, "सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत हाताला काय काय लागतं, ते सांगा." मी सांगत गेले: चूल, परात, विहिरीची दोरी, कापूस वेचणं, लेकीची वेणी. तुम्ही सगळं वहीत उतरवलंत. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपलं काम अजून आपलंच आहे.

यांनाही तुम्हीच बाजूला घेऊन सांगितलंत की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेला तर एक लाख मिळतात, कृषी कार्यालयात लवकर अर्ज करा. आमच्या डोक्यात तेव्हा काहीच नव्हतं.

जखम भरल्यावर पट्टी गुंडाळायला शिकवलंत. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तिरपी, टोकाला घट्ट, वर येताना सैल. गोल आवळली तर रक्त अडतं. सूज उतरून हाताला आकार आल्याशिवाय नवा हात नीट बसत नाही, म्हणून यांच्याकडूनही दहादा करून घेतलीत.

आणि ती मूठ! नसलेला हात रात्री घट्ट मिटायचा, नखं तळव्यात रुतायची. बायका म्हणाल्या, बाहेरचं आहे, भगताला दाखव. तुम्ही आरसा आणलात. डावा हात त्याच्यासमोर, उरलेला उजवा त्याच्यामागे. आरशात पाहत डावी मूठ हळूहळू उघडली, आणि उजवीही उघडली. मी रडले, तुम्ही थांबलात. डॉ. रामचंद्रन नावाच्या मूळच्या तमिळनाडूच्या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात ही रीत शोधली, असं तुम्ही सांगितलंत. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण आता झोप लागते.

एका शिबिरात मला तयार हात मिळाला होता. माप नाही, शिकवणं नाही, बोटं हलत नव्हती. तो खुंटीवर टांगला आणि तुम्हाला सांगायची लाज वाटली. तुम्ही रागावला नाहीत. "हा लग्नाकार्यात घाला. कामाचा हात वेगळा करू," म्हणालात आणि तीच वही काढलीत.

प्लॅस्टरचं माप घेऊन हुकाचा हात आला. पट्टा डाव्या काखेतून जातो, उजवा खांदा पुढे नेला की तार ताणून हुक उघडतो, सोडला की रबर मिटवतं. आधी कागदी ग्लास न चेमटता उचलायला लावलात, मग टमाटर. रोज थोडा थोडा वेळ घालायचा, काढून कातडी पाहायची, लाली जात नसेल तर दवाखान्यात यायचं. वैशाखात घामाने पुरळ उठलं, तेव्हा रोज साबणाने धुवून कोरडं करायला आणि आतून सुती मोजा घालायला तुम्हीच सांगितलंत.

आता परात हुकाने धरते, डाव्याने पीठ मळते. परातीखाली ओलं फडकं असतं, तेही तुमचंच शिकवणं. पहिल्याएवढा कापूस वेचून होत नाही, पण कमरेला बांधलेली ओटी भरते. विहिरीची दोरी अजून जमत नाही. लेकीची वेणी मात्र घालते. हुकात एक पेड धरायचा, बाकीचे दोन डाव्या हाताने फिरवायचे. शाळेत जाताना ती मैत्रिणींना सांगते, आईने घातली.

ताई, तुमचे उपकार फार आहेत.

यांच्या जुन्या बनियनचे बारा मोजे शिवले आहेत, उरलेल्या हातावर चढवायचे. टाके जरा वाकडे आहेत, पण शिवण बाहेरून घेतली आहे, म्हणजे टोचणार नाही. येत्या सोमवारी तपासणीला येताना आणते. वॉर्डात कोणाला लागत असतील तर द्या.

तुमची,
वहीतल्या पहिल्या पानावरची