हज म्हणजे ‘दर्शन’ नव्हे

महोदय,

बकरी ईद जवळ आली की मराठी वृत्तपत्रांतून हजच्या बातम्या येऊ लागतात. कोटा किती मिळाला, विमाने कोठून सुटणार, उष्म्याने किती जण दगावले ही माहिती त्यांत असते आणि ती असायलाही हवी. २०२४ साली मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारनेच जाहीर केल्याप्रमाणे १,३०१ यात्रेकरू मरण पावले, ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे. माझी तक्रार त्या बातम्यांत हमखास येणाऱ्या एका वाक्याबद्दल आहे : ‘लाखो भाविकांनी काबाचे दर्शन घेतले.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, आणि यात्रा म्हटले की रांग, गाभारा, दर्शन हा क्रम आपल्या ओळखीचा असल्यामुळे वाचणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. पण हज दर्शनासाठी नसते, आणि तिचा जो मुख्य दिवस, त्या दिवशी यात्रेकरू काबाजवळ नसतोच.

‘हज म्हणजे अराफात’ असे प्रेषित मुहम्मद यांचे वचन आहे. इस्लामी पंचांगातल्या जिल्हज महिन्याच्या ८ तारखेला यात्रेकरू मक्केजवळच्या मिनाच्या तंबूंत पोहोचतात आणि ९ तारखेला, सूर्य माथ्यावरून कलल्यापासून तो मावळेपर्यंत, मक्केपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या अराफातच्या मैदानात थांबतात. तिथे पाहण्यासारखे काही नाही. जबल-ए-रहमत नावाची एक लहानशी टेकडी आहे आणि तिच्यावर चढायला झुंबड उडते, पण तसे करणे मुळीच आवश्यक नाही. ‘मी इथे उभा राहिलो, पण अराफात सगळेच उभे राहण्याची जागा आहे’, असे प्रेषितांनी त्याच वेळी सांगून ठेवले आहे. दुपारची जुहर आणि तिसऱ्या प्रहराची असर या नमाजा एकत्र पढून झाल्या की पुढे करायचे ते एवढेच की थांबायचे, आपले काय काय चुकले ते आठवायचे आणि क्षमा मागायची. याला वुकूफ म्हणतात. शब्दाचा अर्थच मुळी ‘थांबणे’ असा आहे. हजमधले एखादे आवश्यक कर्म राहून गेले तर कुर्बानी देऊन त्याची भरपाई करता येते, काबाचा तवाफ (प्रदक्षिणा) लांबला तर तो नंतर करता येतो. पण अराफात चुकले तर त्या वर्षीची हज गेली, तिला दुसरा उपाय नाही.

याच मैदानासंबंधीची एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मक्केच्या पवित्र क्षेत्राची, म्हणजे हरमची, एक आखलेली हद्द आहे आणि अराफात त्या हद्दीच्या बाहेर आहे. इस्लामपूर्व काळातही हज होत असे. तेव्हा मक्केच्या कुरैश टोळीचे लोक, आपण काबाचे रखवालदार म्हणून, हद्द ओलांडून अराफातला जात नसत. बाकीच्या अरबांनी तिकडे जावे, आपण अलीकडे, हद्दीच्या आतल्या मुजदलिफालाच थांबावे, असा त्यांचा मान होता. कुरआनने तो काढून घेतला. इतर लोक जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता, अशी आज्ञा दुसऱ्या सूरेत (अध्यायात) आहे, आणि स्वतः कुरैश असलेले प्रेषित इ.स. ६३२च्या आपल्या अखेरच्या हजमध्ये सर्वांबरोबर अराफातला जाऊन उभे राहिले. एहरामच्या, म्हणजे हजच्या वेळी नेसायच्या, दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या वस्त्रांनी राजा आणि रंक सारखे दिसतात, हे आपण दरवर्षी वाचतो. (स्त्रियांना मात्र नेहमीचे शिवलेले कपडे चालतात.) ती समता कापडापुरती नव्हती, मानाची जागा सोडून हद्दीबाहेर सगळ्यांच्या रांगेत येण्याची ती अट होती. आज वातानुकूलित खास तंबूंच्या जाहिराती वाचताना मला हे कुरैश हटकून आठवतात.

‘सैतानाला दगड मारण्या’चेही असेच झाले आहे. १० तारखेला मिनामध्ये खडे मारायचे असतात ते चण्याएवढे. प्रेषितांनी तेवढेच खडे हातात घेऊन दाखवले आणि धर्मात अतिरेक करू नका, असे त्याच वेळी बजावले. मी स्वतः तिथे लोकांना त्वेषाने चपला भिरकावताना पाहिले आहे. इब्राहिमांना पुत्राच्या बलिदानापासून परावृत्त करू पाहणाऱ्या मोहाला त्यांनी परतवले, त्याची ही आठवण आहे; तिथे सैतानाला बांधून ठेवलेले नाही. हजर-ए-अस्वद या काळ्या पाषाणाचे चुंबन घेताना खलिफा उमर यांनी, तू एक दगड आहेस, नफा किंवा नुकसान करणे तुझ्या हाती नाही, प्रेषितांना चुंबन घेताना पाहिले नसते तर मीही घेतले नसते, असे उघड सांगितले होते. हे कळल्यावर ‘दर्शन’ हा शब्द किती अपुरा आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या प्रसिद्ध मांजराविषयी. ‘शंभर उंदीर खाऊन मांजर हजला निघाली’ ही म्हण हिंदीतून आपल्याकडे आली आणि राजकीय अग्रलेखांत कायमची राहिली. ज्याने हजमध्ये अश्लील बोलणे आणि दुराचार टाळला तो आईच्या पोटातून आल्याच्या दिवसासारखा होऊन परततो, असे हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचनांत) आहे हे खरे. परंतु माणसांचे माणसांवरचे हक्क, ज्यांना हुकूकुल इबाद म्हणतात, ते नुसत्या हजने फिटत नाहीत, असे उलेमा (धर्मपंडित) सांगत आले आहेत. कर्ज, थकलेली मजुरी, बळकावलेली जमीन, केलेली बदनामी ही ज्याची त्याला परत करावी लागते किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावी लागते. म्हणजे मांजराला आधी उंदरांचा हिशेब चुकता करणे भाग आहे.

माझे आजोबा मुंबईहून बोटीने हजला गेले. त्यांचा मचवा होता आणि दोन खलाशांचे मागच्या हंगामाचे पैसे द्यायचे राहिले होते. एक गावातच होता. दुसरा काम सोडून हर्णैला गेला होता, त्याला शोधत आजोबा तिथवर गेले, पैसे दिले आणि मगच पेटी भरली. निघण्यापूर्वी घरोघर जाऊन ‘बोललं-चाललं माफ करा’ म्हणायची रीत कोकणात होती, कारण बोटीने गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नसे. बोटीची वाहतूक १९९५मध्ये बंद झाली. रीत अजून आहे, पण ती बहुतेक वेळा मोबाइलवरून सर्वांना एकच संदेश धाडून उरकली जाते, आणि ज्याचे खरोखर देणे आहे तो नेमका त्या यादीत नसतो. परतल्यावर हार, गाड्यांचा ताफा आणि नावाआधी ‘हाजी’ हे सारे आमच्याच समाजाने वाढवले आहे. त्याचा दोष वृत्तपत्रांना देता येणार नाही.

आपल्याकडे मागणे एवढेच आहे. सौदी अरेबियातील ९ जिल्हज आपल्याकडच्या बकरी ईदच्या बहुधा दोन दिवस आधी येते. त्या दिवशीच्या बातमीबरोबर काबाचे जुने छायाचित्र न छापता अराफातचे छापावे, आणि ‘दर्शन’ऐवजी ‘वुकूफ’ हा शब्द, कंसात अर्थ देऊन का होईना, वापरावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, दापोली (जि. रत्नागिरी)