हरकतीला उत्तर देण्याची सोयच नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोहोचतो का, हे ठरवणाऱ्या अमेरिकेच्या 1962 च्या व्यापार विस्तार कायद्यातील कलम 232 खालील सरकारी चौकश्यांवर आपला अग्रलेख काल वाचला. अग्रलेख मेहनतीने लिहिलेला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु या प्रक्रियेत संबंधितांना आपले म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी मिळते, हे त्यातील विधान वाचून मला रात्रभर स्वस्थता लाभली नाही. ती संधी मी घेऊन पाहिली आहे.

2018 साली मी ओहायो राज्यातील एका लहानशा कारखान्याचा खरेदी विभाग सांभाळत होतो. आम्ही शेतीच्या यंत्रांना लागणाऱ्या स्प्रिंगा बनवत असू. त्या वर्षी 8 मार्चला याच कलमाखाली आयात पोलादावर 25 टक्के शुल्क जाहीर झाले, तेव्हा आमचे बहुतेक पोलाद देशातलेच होते. फक्त एका प्रकारची पातळ कोल्ड रोल्ड (न तापवता लाटून काढलेली) पट्टी परदेशातून येई, कारण इतक्या काटेकोर जाडीची पट्टी देशात आम्हाला कोणी कधी देऊ केली नव्हती. अशा मालासाठी वाणिज्य खात्याकडे शुल्कमाफीचा अर्ज करता येत होता. मात्र प्रत्येक मापासाठी अर्ज वेगळा, आणि प्रत्येकात जाडी, रुंदी, रासायनिक घटक, दहा आकडी जकात क्रमांक (मालाच्या प्रत्येक प्रकाराला सीमाशुल्कासाठी दिलेला), वर्षभरात किती माल लागणार, हे सारे पुन्हा भरायचे. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी वकील नेमले. आमच्याकडे मी होतो. अकरा अर्ज मी कामाचे तास संपल्यावर बसून भरले.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर देशी उत्पादकांना हरकत नोंदवायला 30 दिवस मिळत. एका मोठ्या पोलाद कंपनीने आमच्या अकराही अर्जांवर हरकत घेतली आणि हा माल आपण पुरवू शकतो, असे लिहून दिले. मला खरोखर आनंद झाला. मी त्याच दिवशी त्यांच्या विक्री विभागाला फोन करून मागणी नोंदवायची तयारी दाखवली. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने चौकशी करून दोन दिवसांनी कळवले की एवढी पातळ पट्टी ते काढत नाहीत, आणि नुसता नमुना तयार करायलाच कित्येक महिने लागतील. नियमाप्रमाणे माल आठ आठवड्यांत मिळू शकला पाहिजे होता. हे मी तारीखवार लिहून ठेवले, पण ते सरकारला कळवणार कुठे? हरकतीला प्रत्युत्तर देण्याची तरतूद त्या वर्षीच्या सप्टेंबरात आली आणि आमचे अर्ज ऑगस्टातच नाकारले गेले. देशी माल पुरेसा उपलब्ध आहे, एवढेच कारण त्यात होते. नव्याने अर्ज करण्याची मुभा होती, तो आम्ही केलाही. पण वाढीव दराने पट्टी घेत राहिल्यामुळे दोन जुनी गिऱ्हाइके त्याआधीच आम्हाला सोडून गेली होती, आणि त्यांच्याबरोबर आमच्या कारखान्यातील एक पाळीही गेली.

या सगळ्या कागदांत देशाच्या सुरक्षेविषयी मला कोणी एक प्रश्नही विचारला नाही. सैन्याची पोलादाची गरज देशातील उत्पादनाच्या सुमारे 3 टक्केच आहे, असे तेव्हाचे संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये लेखी कळवले होते, आणि शुल्काचा फटका मित्रदेशांना बसेल, ही चिंताही व्यक्त केली होती. तरीही शुल्क लागले, कारण 1962 च्या त्या कायद्यात राष्ट्रीय सुरक्षेची व्याख्या नाही. उलट देशाचे आर्थिक हित, बेरोजगारी, कौशल्यांचा ऱ्हास हेही विचारात घेण्यास तो सांगतो. ही वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे, हे मला मान्य आहे. पण याच कायद्याखाली 2001 साली लोहखनिज आणि अर्धतयार पोलादाची चौकशी होऊन धोका नसल्याचा निष्कर्ष निघाला होता. मोटारींवरील चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 2019 मध्ये राष्ट्राध्यक्षांकडे गेला आणि तो प्रसिद्ध करावा, असा कायदा अमेरिकी संसदेने करूनही लोकांच्या हाती जुलै 2021 मध्ये पडला. जो अहवाल वाचायलाच मिळत नाही, त्यावर म्हणणे काय मांडायचे?

आता तर परिस्थिती आणखी बिकट आहे. शुल्कमाफीचे अर्ज फेब्रुवारी 2025 मधील आदेशाने बंद झाले. त्याऐवजी नव्या वस्तू शुल्काच्या यादीत घाला, असे अर्ज त्या वर्षी देशी उत्पादकांना करता येऊ लागले आणि त्यांवर मत द्यायला इतरांना 14 दिवस ठेवले गेले. ऑगस्ट 2025 मध्ये अशा 407 जकात क्रमांकांची भर पडली, तीही शुल्क 50 टक्क्यांवर गेलेले असताना. माझ्या जागी आज जो कोणी बसला असेल, त्याने 14 दिवसांत आधी ती यादी वाचायची, मग आपला माल त्यात शोधायचा आणि मग मत लिहायचे. याला आपण पुरेशी संधी म्हणता, याचे मला दुःख वाटते.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात पहिल्या पानावरील बातमीत हे शुल्क निर्यात करणारे देश भरतात, असे छापले आहे. शुल्क आयातदार भरतो. आमच्या पट्टीच्या प्रत्येक खेपेचे शुल्क आमच्या खात्यातून गेले आणि त्या कागदांवर सही माझी होती. बातमीतील ही चूक कृपया उद्याच्या अंकात, शक्यतो पहिल्याच पानावर, दुरुस्त करावी.

आपला,
एक जुना वाचक, ओहायो