बाबांच्या कानावरचा डाग

ती. आई-बाबा,
सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी मान वळवली तेव्हा दिसलं मला, कानाच्या वरच्या कडेची ती खपली अजून आहेच. आई म्हणते हळद लावतोय, बाबा म्हणतात चष्म्याची काडी घासते. असेलही, पण दिवाळीपासून भरत नाही म्हणजे काय! फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय.

बाबा, आईची किडनी टिकावी म्हणून तुम्ही टॅक्रोलिमस घेता, त्या गोळ्या टी-सेल्सना (शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाबून ठेवतात, नाहीतर परकी किडनी बघून त्या तुटूनच पडल्या असत्या. पण याच टी-सेल्स कातडीची राखणही करतात. उन्हाने डीएनए बिघडलेली पेशी दिसली की मारून टाकतात, आणि तिची खबर त्यांना देणाऱ्यांत कातडीतल्या लँगरहान्स सेल्स असतात (1868 मध्ये बर्लिनच्या एका मेडिकल स्टुडंटला सापडल्या, त्याला वाटलं नसांच्याच पेशी आहेत). आणि ऊन असं लबाड, की पेशी बिघडवतं ते बिघडवतं, वर या खबऱ्यांनाही कमी करतं. 1970 च्या दशकात मार्गारेट क्रिपके बाईंनी यूव्हीने (उन्हातल्या अतिनील किरणांनी) झालेल्या कॅन्सरच्या गाठी साध्या उंदरांत लावल्या तर त्यांनी त्या झिडकारल्या, पण आधी यूव्ही दिलेल्या उंदरांत त्याच गाठी वाढल्या.

इथे ब्रिस्बेनला लॅबमध्ये कातडीच्या कॅन्सरच्या स्लाइड रोज बघते. गाठीच्या कडेला लिम्फोसाइट्सचे (टी-सेल्स याच जातीच्या) निळे ठिपके खच्चून जमलेले असतात, ट्रान्सप्लांटवाल्यांच्या स्लाइडमध्ये बऱ्याचदा विरळ. नॉर्वेत अशा पेशंटना स्क्वेमस सेल कॅन्सर (कातडीच्या कॅन्सरचा एक प्रकार) 65 पट जास्त होतो असं निघालं होतं. ती गोरी माणसं, आपल्याला धोका बराच कमी, पण शून्य नाही ना.

आणि हे वाचून गोळ्या बंद करू नका हं! कमी-जास्त करायचं ते किडनीवाले डॉक्टर बघतील. स्किनवाल्यांना मात्र याच आठवड्यात दाखवा, ट्रान्सप्लांट झालंय हे आधी सांगा, बायोप्सी म्हणाले तर करून टाका, छोटासा तुकडा काढतात, भूल देऊन. आई, तू सोबत जा, हे एकटे गेले तर "काही नाही म्हणाले" एवढंच सांगतील. हळद बंद कर आणि कानाचा फोटो पाठव, उजेडात, चष्मा काढून.

तुमची,
मनू