मराठवाड्याच्या पोरांनी क्लिनिकल सायकॉलॉजी शिकायची तरी कुठं? मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय, वैद्यकीय शिक्षण,
मा. मंत्री महोदय, सार्वजनिक आरोग्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार,

पत्र दोघांना एकत्र लिहितेय, कारण एकाकडं गेलं की दुसऱ्याच्या खात्याकडं बोट दाखवतात हे आता पाठ झालंय. मी बीड जिल्ह्यातली, गेवराई तालुक्यातली. एम.ए. सायकॉलॉजी केलंय, फर्स्ट क्लासमध्ये, आणि सध्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे, अर्थात कंत्राटावर. गेल्या आठवड्यात एका मोठ्या शहरातल्या खासगी संस्थेनं एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या, म्हणजे मानसिक आजार ओळखून थेरपी द्यायला शिकवणाऱ्या, एम.ए.नंतरच्या दोन वर्षांच्या कोर्सच्या इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही, नाव घेतलं की या क्षेत्रात पुढं कुणी उभं करणार नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मी आणि अण्णा निघालो, सकाळी गेटवर वॉचमन म्हणाला, 'मॅडम, इंटरव्ह्यू कॅन्सल झालेत, तुम्हाला मेल नाही आला का?' मेल आला होता, पहाटे, गाडीत रेंज नव्हती तेव्हा. दोन ओळींचा. काही तांत्रिक कारणास्तव यंदाची प्रवेश प्रक्रिया थांबवण्यात येत आहे, अर्जाची फी परत मिळणार नाही. आत जाऊन विचारावं म्हटलं तर आत सोडलं नाही. परभणीहून आलेली एक मुलगी तिथंच फूटपाथवर बसून रडायला लागली, तिच्यासोबत तर कुणीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, खासगी संस्थेचं भांडण आमच्याकडं कशाला आणता. सांगते.

डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, नोटीस काढली, एम.फिल. ही आता मान्यताप्राप्त पदवी नाही, विद्यार्थ्यांनी प्रवेश घेऊ नये. आमच्या सगळ्या ग्रुपवर रडारड. पुढच्याच महिन्यात दुसरी नोटीस, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांची एम.फिल. २०२५-२६ पर्यंत चालेल. म्हणजे हीच शेवटची बॅच, आणि त्याच बॅचच्या गेटवरून आम्हाला परत पाठवलं. कोर्स बंद करायचा असेल तर करा हो, त्याच्या जागी चांगलं काही आणा, पण ज्या पोरांनी एम.ए. केलं, क्लास लावायला पैसे नव्हते म्हणून रात्री मोबाईलवर अभ्यास केला, त्यांना प्रत्येक वेळी नोटीस वाचूनच कळावं का की आपलं आयुष्य आता कुठं वळणार आहे?

आणि एम.फिल. किंवा तसाच मान्यतेचा कोर्स केल्याशिवाय आमचं चालत नाही, हे आमचं नाही, कायद्याचं म्हणणं आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा कायदा १९९२ चा. आरसीआय मान्यतेचा कोर्स करून रजिस्ट्रेशन घेतल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं ते स्पष्ट सांगतो, नुसत्या एम.ए.वाल्याला म्हणायचं नाही. हा नियम मला मान्य आहे, शंभर टक्के मान्य आहे. माणसाच्या मनाशी खेळ नको, दोन वर्षं वॉर्डात उभं राहून, सीनिअरच्या नजरेखाली शिकलंच पाहिजे. म्हणूनच तर शिकायला मागतेय. पण शिकायची जागा कुठं आहे? सरकारी म्हणाल तर रांची, तेजपूर, बेंगळुरू अशी मोजकी ठिकाणं. बोटावर मोजता येतील एवढ्या जागा आणि देशभरातून अर्ज. खासगीत गेलं तर फी लाखांत, वर शहरात राहायचा खर्च. दोन वर्षं पूर्णवेळ, म्हणजे हातातली कंत्राटी नोकरी सोडायची, ती परत मिळेल याची खात्री नाही. आमच्या घरात सध्या महिन्याला ठरलेले पैसे आणणारी मी एकटी आहे.

यंदा तर विचारूच नका. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरी आणि सिंदफणा कशा फिरल्या ते तुम्ही हेलिकॉप्टरमधून पाहिलंच असेल. आमचं सोयाबीन गेलं ते गेलंच, खालच्या पट्टीतली मातीसुद्धा खरडून गेली, खाली दगड उघडे पडलेत. इंटरव्ह्यूला जायचे पैसे अण्णांनी उसने आणले होते. परत येताना ते मला एक शब्द बोलले नाहीत, घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, 'तिचा नाही गं काही दोष.' मी बाहेरच्या खोलीत ऐकत होते.

मी हा विषय का घेतला तेही सांगते, कारण लोकांना वाटतं पोरीला इंजिनिअरिंग जमलं नाही म्हणून सायकॉलॉजी घेतलं. २०१५ च्या दुष्काळात माझ्या चुलत्यांनी औषध पिलं. फवारणीचंच औषध, गोठ्यात ठेवलेलं. पंचनामा झाला, प्रस्ताव गेला आणि अपात्र ठरला, कारण सातबारा आजोबांच्या नावावर होता. पात्र ठरलं असतं तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत. पैशाचं जाऊ द्या. त्यानंतर काकूंचं बोलणं बंद झालं. रात्र रात्र उंबऱ्यात बसून राहायच्या, जेवायच्या नाहीत, आणि गावानं सांगितलं बाहेरचं झालंय. मग तीन देवस्थानं झाली, लिंबू झालं, कोंबडं झालं, एका ठिकाणी तर त्यांचे केस धरून विचारलं, कोण आहेस तू. जवळजवळ दोन वर्षांनी एका ओळखीच्या नर्सताईंनी संभाजीनगरला न्यायला सांगितलं आणि तिथं डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं की हे डिप्रेशन आहे, बरं होतं. बरं झालंही. पण त्या दोन वर्षांत माझ्या चुलत भावाची शाळा सुटली ती सुटलीच, आज तो ऊसतोडीला जातो. तालुक्याच्या दवाखान्यात नीट ऐकून घेणारं, ओळखणारं एक शिकलेलं माणूस असतं तर हे टळलं असतं. मला ते माणूस व्हायचंय. यात मी काय चुकीचं मागतेय?

२०१५ मध्येच सरकारनं शेतकरी आत्महत्या रोखायला विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला, १०४ वर फोन करा म्हणाले, आशाताई घरोघरी प्रश्नावली घेऊन फिरल्या. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, आणि यवतमाळला बळीराजा चेतना अभियान आलं. २०२२ मध्ये केंद्राची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आली, १४४१६. हे सगळं चांगलंच आहे, मी स्वतः लोकांना तो नंबर लिहून देते. पण आशाताईनं प्रश्न विचारून शोधलेला पेशंट पुढं पाठवायचा कुणाकडं? फोनवर धीर दिला, आता दर आठवड्याला तासभर थेरपी द्यायला कोण बसणार? २०२३ मध्येही मराठवाड्यात हजाराच्या वर शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, ही सरकारी आकडेवारी आहे आणि त्यात सगळ्यात पुढं आमचा बीड. देशाचं मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ ला झालं, त्यात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं. १२ राज्यांत केलं ते सर्वेक्षण, त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या राज्याला ज्या वर्षी आपला आकडा सगळ्यात जास्त कळायला हवा होता, त्याच वर्षी तो मोजलाच गेला नाही.

एक प्रसंग सांगते, तुम्ही दोघांनीही नीट वाचा. एका सरकारी रुग्णालयात दिव्यांग बोर्डाचा दिवस होता, मी एका पेशंटसोबत गेले होते. व्हरांड्यात पन्नासेक बाया लेकरं घेऊन बसलेल्या. मतिमंदत्वाचं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर बुद्ध्यांकाची टेस्ट लागते, आणि टेस्ट करणारी मॅडम कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून सोडून गेलेली. बिनेट-कामतची पेटी कपाटात आहे, मी डोळ्यांनी पाहिली, वर धूळ बसलेली. कामतांनी ती टेस्ट स्वातंत्र्याच्या आधी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, आपल्याच भाषेतल्या लेकरांसाठी, आणि ती उघडायचा हक्क असलेलं माणूसच तिथं नाही. एक बाई तांड्यावरून आली होती, कडेवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, त्याला चालता येत होतं पण तो खाली उतरत नव्हता, गर्दीला घाबरला होता. शिपाई म्हणाला पुढच्या बुधवारी या. ती म्हणाली, 'मागच्या बुधवारीबी हेच म्हणलास की रं दादा.' सर्टिफिकेट नाही तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, नाही, कार्ड नाही तर निराधारचे पैसे नाहीत, एसटीची सवलत नाही. मला ती टेस्ट एम.ए.ला शिकवली होती, मी ती करू शकत होते, पण सही चालणार नाही. मी तिथं नुसती उभी होते.

आता ही जबाबदारी कुणाची? आरसीआय दिल्लीत, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली. पदवीचा घोळ यूजीसीचा, म्हणजे शिक्षण मंत्रालय. कॉलेज आणि वॉर्ड राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद आहे, ते सार्वजनिक आरोग्याचं, तेही कंत्राटी. एवढे सगळे मिळून एक माणूस तयार करू शकत नाहीत. मी चौकशीला जाईन तिथं एकच उत्तर, हा विषय आमच्याकडं येत नाही. मग त्या तांड्यावरच्या बाईचा विषय नक्की कुणाकडं येतो?

आणि हे फक्त सायकॉलॉजीचं नाही साहेब, मराठवाड्याचं कायम असंच आहे. आम्ही महाराष्ट्रात आलो तेव्हा एक अट घातली नाही, बिनशर्त आलो. त्यानंतर अनुशेष मोजायला दांडेकर समिती, मग केळकर समिती. १९९४ ला वैधानिक विकास मंडळ मिळालं, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली आणि ते गेलं. मेडिकलच्या प्रवेशाला ७०:३० चा फॉर्म्युला लावला, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, कॉलेजं दुसऱ्या विभागांत जास्त, आमची पोरं जास्त मार्क घेऊन बाहेर, तो काढायला २०२० उजाडलं. बीडला रेल्वे यायला सप्टेंबर २०२५ उजाडलं, माझे आजोबा रेल्वेच्या मोर्चाला जायचे, ते ती पाहायला राहिले नाहीत. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यात मराठवाड्यातलं एक नाही. जालन्याला मंजुरी मिळाल्याची बातमी वाचून आम्हाला किती आनंद झाला होता. २०२३ ला संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली, ४५ हजार कोटी जाहीर झाले. २०२५ च्या अतिवृष्टीला ३१ हजार ६२८ कोटी. माती परत भरायला पैसे द्या, दिलेच पाहिजेत, पण रात्री झोप न येणाऱ्या त्या शेतकऱ्यासाठी या हजारो कोटींत किती ठेवलेत ते एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.

मला सांगतात फॅकल्टी नाही म्हणून कोर्स काढता येत नाही. कोर्स नाही म्हणून फॅकल्टी नाही, हे कळायला सायकॉलॉजी शिकावी लागत नाही. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, मानसोपचार विभाग आहे, अंबाजोगाईला आहे, लातूर-नांदेडला आहे. पेशंट तर इतके आहेत की ओपीडीत उभं राहायला जागा नसते. क्लिनिकल सायकॉलॉजीचे मार्गदर्शक इथं प्रतिनियुक्तीवर आणा, पगार बरा द्या, क्वार्टर द्या, येतील माणसं. आरसीआयकडं प्रस्ताव संस्थेनं पाठवायचा असतो, सरकारी कॉलेजं तर तुमचीच, त्यांना तो पाठवायला लावा. एम.फिल. जाऊन जो कोर्स येईल तो आणा, पण पहिला सरकारी कॉलेजात आणा आणि मराठवाड्यात आणा. एमबीबीएसवाल्यांसारखा आमच्याकडून बॉण्ड लिहून घ्या, पाच वर्षं म्हणा, दहा म्हणा, मी आज सही करते, पाटोदा-शिरूरला पाठवा नाहीतर किनवटला पाठवा. फक्त शिकून आल्यावर अकरा महिन्यांचं कंत्राट हातात देऊ नका, कारण थेरपिस्ट दर वर्षी बदलला की पेशंटला सगळं दुःख पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांदा तो सांगत नाही, यायचाच बंद होतो. आणि प्रवेश रद्द केला की अर्जाची फी आठ दिवसांत परत, हा नियम तरी काढा, त्याला तर कुठली समिती लागत नाही.

मला दोघांच्याही सहीनं एकच उत्तर पाहिजे, घाटीत किंवा अंबाजोगाईला हा कोर्स कोणत्या शैक्षणिक वर्षापासून सुरू होणार, आणि तेही लेखी. 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे' हा मेसेज मला याआधी आलेला आहे, तो परत पाठवू नका.

आपली,
एक अर्जदार,
ता. गेवराई, जि. बीड