"माप तिने घेतलंय, तिलाच विचारा": लेथवरच्या काकांना पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे तुमच्यासमोर बसून बोलणं मला जमणार नाही. दोन वाक्यं झाली की तुम्ही "बरं बरं, मशीन चालू कर" म्हणाल आणि विषय तिथेच संपेल. म्हणून लिहितेय. आणि उघडपणे लिहितेय, कारण ज्यांनी अडवलं त्यांच्याबद्दल माणसं चारचौघांत भरभरून बोलतात, ज्यांनी वाट करून दिली त्यांचं नाव मात्र मनातच राहतं.

मागच्या आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. हुद्द्यासमोर 'टर्नर' असं छापलंय, म्हणजे लेथवर काम करणारी. कितीतरी वेळा वाचलं मी ते. माझं आधीचं सगळं आयुष्य हिशेबाच्या टेबलामागे गेलं. ते ऑफिस बंद झालं तेव्हा चाळिशी फार लांब नव्हती आणि पुन्हा तसल्याच खुर्चीत बसायची इच्छा उरली नव्हती. आकड्यांची आवड होती, पण कागदावरच्या आकड्याला हात लावता येत नाही. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून घडवणारं मशीन; त्यावर आकडा ठरवला की तो धातूत उतरतो, आणि चुकला तर तुकडा भंगारात जातो. मला तेच हवं होतं.

पण हवं असून काय उपयोग? जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न ठरलेला, अनुभव आहे का? नाही म्हटलं की, "मग आधी अनुभव घ्या, मग या." तो घ्यायचा कुठे, हे एकानेही सांगितलं नाही. एका ठिकाणी अर्ज न उघडताच घरी कोण कोण असतं, मुलांचं कोण बघतं, अशी चौकशी झाली. एका प्रशिक्षण वर्गाने पूर्ण फी आधी घेतली आणि लेथची चित्रं पडद्यावर दाखवली. खरं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं, "नंतर, नंतर" करत वर्ग संपला. मला राग आहे, अजूनही आहे, आणि तो झाकून हे पत्र गोड करायचं नाहीये मला. नकार द्यायचा त्यांना हक्क होता. पण लोखंडाचा एक तुकडा हातात देऊन "दाखव बघू" असं म्हणायला कुणाचं काय जात होतं?

हेन्री मॉड्स्लेबद्दल मी नंतर वाचलं. पुढे स्क्रू कापणाऱ्या लेथसाठी ज्याचं नाव जगभर झालं, तो हाच. १७८९ मध्ये, १८ वर्षांचा असताना, तो लंडनला कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाच्या कार्यशाळेत कामासाठी गेला. रीतीप्रमाणे सात वर्षं शिकाऊ म्हणून उमेदवारी त्याने केलेली नव्हती, त्यामुळे तिथले जुने कारागीर त्याला आपल्यात घेतील की नाही, ही शंका होती. असं सांगतात की त्याने तिथला एक झिजलेला शेगडा, म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारा बाकावरचा व्हाइस, दाखवला आणि विचारलं, हा संध्याकाळपर्यंत नव्यासारखा करून दिला तर चालेल का? त्याने तो करून दिला आणि त्याला काम मिळालं. हे वाचताना मला मॉड्स्लेपेक्षा त्याला तो शेगडा हाती देणाऱ्यांचंच जास्त वाटलं. त्यांनी त्याला दिवस मावळेपर्यंत वेळ दिला. मला घड्याळी तासभरही कुणी दिला नव्हता.

तुमच्या वर्कशॉपमध्ये मी कशी आले, कुणी शब्द टाकला, कुठला कागद लागला, ते राहू दे. आले आणि तुमच्या शेजारच्या मशीनवर उभी राहिले.

पहिल्या दिवशी तुम्ही कौतुक केलं नाहीत की घाबरवलंही नाहीत. हातमोजे काढायला लावलेत, केस घट्ट बांधायला आणि बाह्या वर करायला सांगितलंत, आणि म्हणालात, "चावी चकमध्ये असेल तोवर हात चावीवर. हात सोडायचा तर चावी काढून खाली ठेवायची. मशीन बंद असलं तरी." चक म्हणजे तुकडा पकडून फिरवणारा जबडा, चावी तो आवळायची. ज्या आवाजात इतर पोरांना सांगत होता, त्याच आवाजात मला सांगितलंत. तेवढ्यानेही मला बरं वाटलं होतं.

मग एकेक गोष्ट येत गेली. टूलचं, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं, टोक आणि गोल बार यांच्यात पट्टी अलगद धरायची. पट्टी सरळ उभी राहिली तर टोक सेंटरला, म्हणजे बारच्या मध्याच्या उंचीला, आहे, कलली तर वर किंवा खाली. टूल आत-बाहेर सरकवणारी क्रॉस स्लाइड जास्त पुढे गेली तर नुसतं आकड्यापर्यंत मागे यायचं नाही. चांगलं मागे जायचं आणि पुढे येता येता आकडा पकडायचा, नाहीतर स्क्रूतला बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधली ढिलाई, फसवतो. टूल त्रिज्येत ०.१ मिलिमीटर आत गेलं की व्यास ०.२ ने उतरतो, तेव्हा कुठल्या मशीनची डायल काय दाखवते हे आधी बघायचं. आणि गरम जॉबचं, म्हणजे मशीनवरच्या तुकड्याचं, माप खरं धरायचं नाही. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट ४० अंशांनी तापला तर ०.०२ मिलिमीटरहून जास्त फुगतो. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असतात, हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा हिशेबाच्या टेबलावर इतकी वर्षं काढलेल्या मला पहिल्यांदा कळलं की आकड्यालाही तापमान असतं. हे सगळं तुम्ही हातचं न राखता दिलंत. पुष्कळ चांगले कारागीर शेवटची एक खुबी स्वतःजवळ ठेवतात. तुम्ही ती आधी सांगायचात.

तरीही आज मी ज्यासाठी लिहितेय ते यातलं काहीच नाही. ते तुम्हाला कदाचित आठवणारही नाही.

पुली बसायची जागा असलेला एक शाफ्ट होता. व्यास ४० मिलिमीटर, वर काहीच सूट नाही, खाली ०.०२५ पर्यंत. म्हणजे ३९.९७५ ते ४० च्या आत काम. शेवटचा कट मी घेतला. जॉब थंड होऊ दिला, पुसला, मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) त्याच्या रॅचेटने, म्हणजे दाब सारखा ठेवणाऱ्या टोकाने, फिरवून लावला, जागा बदलून पुन्हा लावला. ३९.९९. तेवढ्यात सुपरवायझर आले. न्यायला माणूस थांबला होता, त्यांना घाई होती. त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे तुमच्याकडे पाहून विचारलं, "काका, साइज काय आलाय?"

तुम्ही तुमच्या टूलपोस्टचे, टूल धरणाऱ्या ठोकळ्याचे, बोल्ट आवळत होता. मान वर केली नाहीत. म्हणालात, "माप तिने घेतलंय, तिलाच विचारा."

मी आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बोल्टच आवळत राहिलात. तुमचा मायक्रोमीटर हाताच्या अंतरावर होता, एकदा लावून बघायला तुम्हाला कितीसा वेळ लागला असता! तुम्ही हात पुढे केला नाहीत. शाफ्ट माझ्या आकड्यावर गेला.

मी यावर फार विचार केलाय, काका. तुम्ही त्या वेळी "पोरगी हुशार आहे, बरोबरच असणार" असं म्हणाला असतात तरी मी आभारच मानले असते. पण मग माझा आकडा तुमच्या शब्दाच्या आधाराने उभा राहिला असता आणि पुढच्या वेळी साहेबांनी पुन्हा तुम्हालाच विचारलं असतं. तुम्ही प्रश्न माझ्याकडे वळवलात आणि गप्प बसलात. त्या गप्प बसण्यात जोखीम होती. जॉब बाद ठरला असता तर बोलणी मला नाही, तुम्हाला खावी लागली असती, कारण मला तुमच्या हाताखाली दिलेलं होतं. ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर साहेब सरळ माझ्या मशीनशी येऊन विचारायला लागले. बाकीची पोरंसुद्धा. एकदा कुणीतरी स्वतःचं माप माझ्याकडून तपासून घेतलं, तेव्हा मी टर्नर झाले. कागद बराच नंतर आला.

जग वाईट आहे असं मीही त्या नकारांच्या काळात म्हणायचे. आता म्हणवत नाही. कामाच्या जागी अशी माणसं असतात, ती भाषणं करत नाहीत, कुणाला उपकाराची आठवण देत नाहीत, नव्या माणसाच्या कामात उगाच हात घालत नाहीत. त्यांच्यामुळे किती जणांच्या घरात पगार येतो याची नोंद कुठेच होत नाही. हे पत्र शॉप चालवणाऱ्या, माणसं नेमणाऱ्या कुणी वाचलं तर त्यांना एवढंच मागते: पुढचा बिनअनुभवी माणूस दारात आला की त्याला भंगारातला बारचा तुकडा द्या, शेजारी एक जाणता माणूस द्या आणि थोडा वेळ द्या. नाही जमलं तर खुशाल नाही म्हणा.

काका, तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही. मनापासून मानते, एवढंच.

आणि एक विचारायचंय. माझ्याकडे सध्या भोकाच्या आतले आटे पाडायचं काम आलंय. भोक खोल आहे, बोअरिंग बार (आत जाणारं टूल धरणारा दांडा) लांब बाहेर काढावा लागतो आणि तो थरथरतो, आटे खरबरीत येतात. मी फेरे कमी केले, शेवटचे कट अगदी बारीक घेतले, त्याने बराच फरक पडला, पण तुमच्या हातच्यासारखे अजून येत नाहीत. रविवारी येते. एक तुकडा सोबत आणेन, तो बघून सांगा.

आपली,
शेजारच्या मशीनवरची